जवळून म्हणजे किती जवळून?

२०२५ च्या नोव्हेंबरात माझ्या दहा वर्षांच्या भाचीचं दप्तर तिच्या आईने सहज उघडलं, तर आत टॉर्च, पाण्याची बाटली, जखमेवर लावायच्या चार पट्ट्या आणि धाकट्या भावाचा स्वेटर. पुस्तकं काढून नीट कपाटात रचलेली. जगबुडीनंतर गृहपाठ कोण तपासणार, असा तिचा सरळ हिशेब होता. स्वेटर भावाचा का, तर ‘त्याला स्वतःचं काही लक्षात राहत नाही’ म्हणून.

वर्गातल्या कुणाच्या तरी घरच्या फोनवरचा व्हिडिओ तिने पाहिला होता. मावळतीच्या आकाशात दोन सूर्य, मागे घोंघावणारं संगीत आणि एक वाक्य: १९ डिसेंबरला तो पृथ्वीजवळून जाणार, शास्त्रज्ञ गप्प आहेत. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता. सूर्यमालेच्या बाहेरून आलेला थ्रीआय ॲटलस हा धूमकेतू १९ डिसेंबर २०२५ ला पृथ्वीपासून त्याच्या सर्वांत कमी अंतरावर येणार होता. ते अंतर होतं सुमारे २७ कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे हा पाहुणा सूर्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावरून निघून जाणार होता, आणि याला ‘जवळून’ म्हटलं होतं.

हा शब्द त्या व्हिडिओवाल्याने शोधून काढलेला नाही. तो त्याला बातम्यांतून आयता मिळाला. जगबुडीच्या अफवा सहसा निखळ थापेवर उभ्या राहत नाहीत. त्यांच्या पायाशी एखादी खरी गोष्ट असते, फक्त तिचं माप कुणीतरी काढून टाकलेलं असतं. आणि ते काढून टाकणारे पुष्कळदा आपल्यातलेच शहाणेसुरते लोक असतात: बातमीदार, संपादक, विज्ञान सोपं करून सांगणारे, कधीकधी खुद्द शास्त्रज्ञ. भोंदू मागाहून येतो आणि तयार जमिनीत पेरतो.

१९१० चं उदाहरण घ्या. हॅलेचं शेंडेनक्षत्र त्या वर्षी आलं आणि १८-१९ मेच्या सुमारास पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार, हे गणिताने निघालं होतं. धूमकेतूच्या प्रकाशाच्या वर्णपटात सायनोजेन हा विषारी वायू सापडला होता, हेही खरं. दोन्ही खऱ्या गोष्टी शेजारीशेजारी छापल्या गेल्या. फ्रान्सचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ कामीय फ्लामारियाँ यांच्या नावावर तर हा वायू वातावरणात मिसळून जीवसृष्टी संपवेल, अशी शक्यता छापून आली. लोकांनी दारांच्या फटी आणि कुलपांची भोकं बुजवली, धूमकेतूवर उतारा म्हणून गोळ्या विकल्या गेल्या आणि विकतही घेतल्या गेल्या. राहून गेलं ते इतकंच, की धूमकेतूची शेपटी प्रयोगशाळेतल्या निर्वात नळीपेक्षाही विरळ असते. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ तेव्हाही हे सांगत होते. पण ‘विषारी’ हा शब्द मथळ्यात मावतो, ‘विरळ’ मावत नाही.

फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह मकर राशीत जमले म्हणून भारतभर प्रलयाची हवा होती. त्या आठांत सूर्य आणि चंद्र मोजलेले होते, आणि केतू ही तर वस्तूच नाही, चंद्राची कक्षा जिथे सूर्याच्या मार्गाला छेदते तो बिंदू आहे. बिंदू अंगावर कोसळण्याची भीती बाळगणारे आपण काही एकटे नव्हतो, एवढंच समाधान.

या सगळ्यापेक्षा मला जास्त टोचतं ते १९८३ चं प्रकरण. त्या वर्षी आयरास हा उपग्रह उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त किरणांत आकाश पाहत होता. त्याला काही ठिपके दिसले ज्यांची ओळख लागेना. ३० डिसेंबरला वॉशिंग्टन पोस्टने पहिल्या पानावर बातमी दिली: मृगाच्या दिशेला एक गूढ वस्तू, कदाचित गुरूएवढी, कदाचित सूर्यमालेतलीच. बातमीत ‘कदाचित’ होतं, शास्त्रज्ञांनीही ते उच्चारलं होतं. पुढे तपास झाला आणि ओळख न लागलेले ते ठिपके बहुतेक करून अतिदूरच्या दीर्घिका निघाले. हा खुलासा शोधनिबंधांत गेला, पहिल्या पानावर आला नाही. त्या एका कात्रणावर चाळीस वर्षं निबिरूचा, म्हणजे पृथ्वीचा नाश करायला येणार म्हणतात त्या काल्पनिक ग्रहाचा, संसार चालला आहे. आजही कुणी ‘नासाने १९८३ लाच शोधला होता’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या मते पुरावाच देत असतो.

निबिरूची जन्मकथा थोडक्यात अशी. १९७६ मध्ये झेकारिया सिचिन या लेखकाने सुमेरियन मातीच्या पाट्यांचा स्वतःपुरता अर्थ लावून, दर ३,६०० वर्षांनी सूर्याजवळ येणारा एक ग्रह उभा केला. त्या लिपीचे अभ्यासक हा अर्थ मानत नाहीत. बॅबिलोनी लेखांत निबिरू हे नाव मर्दुक देवाशी आणि गुरू ग्रहाशी जोडलेलं येतं, आणि शब्दाचा अर्थ आहे ओलांडण्याची जागा, आपल्या भाषेत नदीचा उतार. १९९५ पासून अमेरिकेतल्या एका बाईंनी, आपल्याशी परग्रहवासी बोलतात असं सांगत, असाच एक ग्रह मे २००३ मध्ये पृथ्वीजवळून जाणार असल्याचं जाहीर केलं. मे २००३ कोरडा गेला, तेव्हा ती तारीख मुद्दाम खोटी दिली होती असं त्यांनी सांगितलं. मग तो ग्रह माया दिनदर्शिकेच्या २१ डिसेंबर २०१२ ला चिकटला, त्यानंतर २३ सप्टेंबर २०१७ ला. पुढच्या तारखा मोजण्यात अर्थ नाही.

तारीख चुकली म्हणून हसणं सोपं आहे. तारीख येण्याआधीच ती चुकीची आहे हे घरबसल्या कसं कळलं असतं, हे मात्र फार कमी जणांनी सांगितलं. ते सांगायला दुर्बीणही लागत नाही.

सूर्याकडे लांबून झेपावत येणारा ग्रह किती वेगाने येईल हे गुरुत्वाकर्षण ठरवतं, कुणाची इच्छा ठरवत नाही. हिशेब केला तर पृथ्वीजवळ पोचण्याच्या सुमारे सव्वादोन वर्षं आधी तो शनीच्या अंतरावर असायला हवा, आणि साधारण अकरा महिने आधी गुरूच्या अंतरावर. २००३ वाल्यांच्या मते तो पृथ्वीच्या चौपट व्यासाचा होता, म्हणजे जवळपास नेपच्यूनएवढा. नेपच्यून आज ४५० कोटी किलोमीटरवर आहे आणि बऱ्यापैकी द्विनेत्रीतून दिसतो. तोच शनीच्या अंतरावर आणून ठेवला तर ध्रुवताऱ्यापेक्षा किंचित मंद दिसेल. गुरूच्या अंतरावर आणला तर अभिजित या ठळक ताऱ्याच्या तोडीचा. म्हणजे २००१ च्या पावसाळ्यानंतर कुठल्याही अंधाऱ्या गच्चीवरून, उघड्या डोळ्यांनी, रोज जागा बदलणारा एक नवा ‘तारा’ जगातल्या प्रत्येकाला दिसला असता. शनीला हजारो वर्षांपूर्वी माणसांनी काचेशिवाय हेरलं होतं. हा कसा सुटला असता?

यावर ठरलेलं उत्तर असतं, की तो सूर्याच्या आड आहे. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते. जे आज सूर्यामागे आहे ते काही महिन्यांनी मध्यरात्री डोक्यावर येतं. दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे सरकार लपवतंय. यावर मला नेपच्यूनचीच गोष्ट सांगावीशी वाटते. युरेनस आपल्या गणिती वाटेवरून जरासा ढळतो, एवढ्या धाग्यावरून फ्रान्सच्या ल व्हेरिएने न पाहिलेल्या ग्रहाची जागा काढली, आणि बर्लिनच्या वेधशाळेत गालं याने पत्र मिळाल्याच्या रात्रीच तो तिथून एका अंशाच्या आत शोधला. अदृश्य ग्रहसुद्धा शेजाऱ्यांना ओढतो आणि त्या ओढीतून पकडला जातो. हे १८४६ साली, कागद-पेन्सिलीने झालं. तारीख होती २३ सप्टेंबर. २०१७ च्या जगबुडीवाल्यांनी नेमका तोच दिवस निवडावा, हा योगायोग मला फार आवडतो.

आता तर चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून त्याचं अंतर सेंटिमीटरच्याही आत मोजतात. तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो हे आपल्याला त्यातून कळलं. एखादा धटिंगण ग्रह दर ३,६०० वर्षांनी इथून जात असता, तर मोजायला चंद्र जागेवर उरला नसता.

सूर्यमालेत आणखी ग्रह नसेलच, असं मात्र मी म्हणत नाही. २०१६ पासून बाटिगिन आणि ब्राउन हे दोघे खगोलशास्त्रज्ञ नेपच्यूनपलीकडे एक मोठा ग्रह असावा असं मांडत आले आहेत. तो अजून सापडलेला नाही आणि तो असण्यावर मतभेद आहेत. असला तरी त्यांच्या गणिताप्रमाणे तो सूर्य-पृथ्वी अंतराच्या कित्येक पटींच्या आत कधीच येत नाही. त्याचं टोपणनाव ‘नववा ग्रह’ पडलं आणि दुसऱ्या दिवसापासून निबिरूवाल्यांना वाटलं आपली बाजू सिद्ध झाली. पुन्हा तेच: बातमी खरी, अंतर गायब.

अंतर गायब करण्याचा रोजचा कारखाना मात्र दुसरीकडे आहे. आठवड्यातून एकदा तरी मथळा येतो, ‘विमानाएवढा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार’, शेजारी पेटलेल्या खडकाचं चित्र. कधी ‘संभाव्य धोकादायक’ हा शब्दही असतो. ही शास्त्रज्ञांची संज्ञा आहे. साधारण १४० मीटरपेक्षा मोठा आणि पृथ्वीच्या कक्षेच्या ७५ लाख किलोमीटरच्या आत येऊ शकणारा लघुग्रह या यादीत जातो. लक्ष ठेवण्यासाठी केलेली यादी आहे ती. अमुक फेरीत तो आदळेल असा तिचा अर्थ नाही. हे अंतर डोळ्यांसमोर आणायचं तर पृथ्वी म्हणजे क्रिकेटचा चेंडू समजा. चंद्र दोन मीटरवर एक मोठी गोटी. ७५ लाख किलोमीटर म्हणजे दोन खेळपट्ट्या एकापुढे एक टाकल्यावर जेवढं होईल तेवढं, आणि तिथून जाणारा तो लघुग्रह डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण. माझ्या भाचीला घाबरवणारा धूमकेतू याच मापाने दीड किलोमीटरवर होता.

असे शंभर मथळे वाचून काही झालं नाही, की वाचक दोनपैकी एक होतो. एक तर निबर होतो, किंवा त्याला वाटू लागतं की वर सतत काहीतरी चुकतंमाकतं टळतंय आणि एक दिवस टळणार नाही. भोंदूचं गिऱ्हाईक हा दुसरा. म्हणून मला निबिरूच्या व्हिडिओवाल्यापेक्षा त्या मथळेवाल्याचा राग जास्त येतो. त्याला माप माहीत असतं. बातमीच्या सहाव्या परिच्छेदात ते छापलेलंही असतं.

यात नुकसान कुणाचं होतं? तारीख देणाऱ्याचं नक्कीच नाही. तो पुढची तारीख देतो. नासाचे डेव्हिड मॉरिसन २०१२ च्या आधीची काही वर्षं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. निबिरूबद्दलचे हजारो प्रश्न त्यांच्याकडे आले, आणि त्यात जगाचा शेवट पाहण्यापेक्षा आपणच आधी मरावं का, असं विचारणारी मुलंही होती. त्याआधी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, हेल-बॉप धूमकेतूच्या छायाचित्रात एका हौशी निरीक्षकाला शनीसारखी एक ‘सोबती वस्तू’ दिसली. तो आठव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका मंद, साधा तारा होता, नकाशात नोंदलेला. पण रेडिओवरून ती वस्तू गाजली, आणि मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात एका पंथाच्या ३९ जणांनी तिच्यातून आपल्याला न्यायला यान येतंय या समजुतीपायी जीव गमावला. त्यांनी एक चांगली दुर्बीण विकत आणून नंतर परत केली होती, असं तेव्हा छापून आलं: धूमकेतू दिसतो, सोबती दिसत नाही, तेव्हा दुर्बिणीतच दोष असणार. यावर हसू येतं आणि लगेच विरतं.

मग करायचं काय? असे व्हिडिओ हुडकून बंद करा, असं सुचवणारे आहेत. मला ते पटत नाही. ‘शास्त्रज्ञ गप्प आहेत’ हा ज्याचा मूळ आरोप आहे त्याचं तोंड दाबलं, की त्याला पुरावाच मिळतो. ‘शास्त्रज्ञ सांगतात म्हणून विश्वास ठेवा’ हेही पुरत नाही. थ्रीआय ॲटलसच्या वेळी अमेरिकेतलं सरकारी कामकाज आठवडेच्या आठवडे ठप्प होतं, आणि यानांनी ऑक्टोबरमध्ये टिपलेली चित्रं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लोकांसमोर आली. तेवढ्या काळात लपवाछपवीच्या कथांना ऊत आला. त्याच काळात जगभरचे हौशी लोक स्वतःच्या दुर्बिणीतून तोच धूमकेतू टिपत होते, पण हे सांगायची कुणाला घाई नव्हती.

मी भाचीला उत्तर दिलं नाही. संध्याकाळी गच्चीत नेलं आणि फोनच्या कॅमेऱ्यात मावळता सूर्य धरायला सांगितला. पडद्यावर फिका, हिरवट असा दुसरा सूर्य उमटला. ती दचकली. म्हटलं, फोन हळूच डावीकडे वळव. पडद्यावर खरा सूर्य उजवीकडे सरकला, तर दुसरा डावीकडे. उजवीकडे वळवल्यावर उलट. चार-पाच वेळा तिने हे केलं आणि म्हणाली, “मामा, हा तर काचेत आहे.” काचेतला सूर्य तिने मग भावाला, आईला आणि खालच्या मजल्यावरच्यांनाही दाखवला. दप्तरातला टॉर्च दोन दिवसांनी निघाला. पट्ट्या राहिल्या, त्या तशाही लागतात.

लोकांच्या हातात असं काही देता येतं. हे टाळून आपण त्यांची टिंगल करतो, आणि टिंगलीत एक मोठी लबाडी आहे: आकाशातून काही येतच नाही, असा सूर. येतं की. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरचा दगड सूर्याच्या दिशेने, कुणालाही आगाऊ न कळता आला आणि हवेत फुटला. गंमत म्हणजे जगाचं लक्ष त्या दिवशी दुसऱ्याच एका लघुग्रहावर होतं, जो ठरल्याप्रमाणे २७,७०० किलोमीटरवरून निघून गेला. चेल्याबिन्स्कमध्ये दीड हजाराच्या आसपास माणसं जखमी झाली, त्यातली बहुतेक फुटलेल्या काचांनी. आधी डोळे दिपवणारा प्रकाश आला. लोक बघायला खिडक्यांशी धावले. धक्क्याची लाट पोचली दोन-अडीच मिनिटांनी. एका शाळेतल्या बाईंनी प्रकाश पाहताच वर्गातल्या ४४ मुलांना बाकांखाली बसवलं. मुलांना ओरखडा आला नाही, त्यांच्या स्वतःच्या हाताला मात्र खोल जखम झाली. लख्ख प्रकाश दिसला तर खिडकीपासून दूर व्हा, ही या विषयातली खरोखर कामाची माहिती. निबिरूवर इतकी वर्षं बोलणाऱ्या किती जणांनी ती कुणाला सांगितली?

आणि टक्केवारीचं काय करायचं, हा सगळ्यांत अवघड भाग. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीने २०२४ वायआर४ हा साधारण साठ मीटरचा लघुग्रह शोधला. २२ डिसेंबर २०३२ ला तो आदळण्याची शक्यता आधी एक टक्क्यावर गेली, १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांवर, आणि त्यानंतरच्या आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर. अनेकांनी याचा अर्थ ‘यांना काही कळत नाही’ किंवा ‘आधी घाबरवलं, मग दाबलं’ असा लावला. मथळ्यांत तर रोज धोका ‘वाढत’ होता.

प्रत्यक्षात काय चाललं होतं? अंधारात दुरून कुणी टॉर्चचा रुंद झोत टाकला आहे आणि तुम्ही त्यात उभे आहात, असं समजा. दगड झोतात कुठेतरी पडणार, नक्की जागा माहीत नाही. झोत रुंद असतो तेव्हा त्यातला तुमचा वाटा अगदी थोडा. निरीक्षणं वाढतात तसा झोत अरुंद होत जातो, आणि तुम्ही अजून आतच असाल तर तुमचा वाटा वाढतो. मग एका क्षणी झोताची कड तुम्हाला ओलांडून जाते आणि वाटा शून्य होतो. आकडा चढणं आणि मग कोसळणं, ही मोजमाप सुधारत असल्याची खूण होती. ॲपोफिस या लघुग्रहाचंही २००४ च्या डिसेंबरात असंच झालं: २.७ टक्क्यांपर्यंत चढून शून्यावर.

लोक घाबरतात तर असे आकडे जाहीर करूच नयेत, असं काही समंजस माणसं म्हणतात. माझा विरोध आहे. आकडा लपवला तर खऱ्या प्रसंगी कोण ऐकणार? शिवाय हे निव्वळ घाबरण्याचं प्रकरण राहिलेलं नाही. २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट हे यान डिमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या गोळ्यावर मुद्दाम आदळवलं गेलं आणि त्याची मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. वेळेत कळलं तर ढकलता येतं. त्यासाठी लागणारा पैसा आणि धीर लोकांकडूनच येणार आहे, आणि ३.१ टक्के म्हणजे काय हे ज्यांना कुणी सांगितलंच नाही ते तो देणार नाहीत.

पंचाईत ही आहे, की खरं बोलणारा चाचरल्यासारखा दिसतो. तो ‘सध्याच्या निरीक्षणांनुसार’ म्हणतो, उद्या आकडा बदलतो. तारीख देणारा ठाम असतो, आणि त्याची तारीख चुकेपर्यंत एका अक्षराने हलत नाही. हे उलटं वाचायला शिकवणं शाळेच्या विज्ञानात सहज बसतं. आज तिथे ग्रहांची नावं पाठ करून घेतात.

ॲपोफिस १३ एप्रिल २०२९ ला येतोय, वार शुक्रवार, आणि तेरा तारखेचा शुक्रवार पाश्चात्त्यांत अशुभ मानतात, त्यामुळे व्हिडिओवाल्यांची तयारी एव्हाना सुरू असेल. भाचीला मीच आधी सांगून टाकलं. ती चौदाच्या आसपास असेल तेव्हा.

“किती जवळून?”

“बत्तीस हजार किलोमीटर.”

तिने वही ओढली, पृथ्वीचा व्यास विचारून घेतला आणि भागाकार मांडला. “म्हणजे अडीच पृथ्व्या. एवढ्या जवळून?” आवाज जरा चढला होता, भीतीने की आनंदाने ते मला नीट कळलं नाही. “मग दुर्बीण नाही लागणार ना?”